जाहिरात इंझोरीत, डीलर अकोल्यात

टीव्हीवरची जाहिरात गाव बघत नाही. रात्रीच्या मालिकेच्या मध्ये कॉम्प्युटरची जाहिरात लागली, की ती दादरच्या चाळीत आणि वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत एकाच क्षणी दिसते. नट तोच, घर तेच, खिडकीपाशी ठेवलेलं ते चकचकीत टेबलही तेच. साबणाच्या किंवा चहाच्या जाहिरातीचं पुढचं काम सोपं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या किराणा दुकानात पुडी टांगलेली असतेच. घरगुती कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र जाहिरात दिसणं आणि वस्तू दाराशी येणं यांत कधी शंभर किलोमीटरचं, कधी एका हंगामाचं, तर कधी आख्ख्या पिढीचं अंतर पडलं. ते का पडलं, कुणी कमी केलं आणि आज ते कुठे आहे, एवढाच या आढाव्याचा विषय आहे.

आधी बाहेरच्या जगाकडे थोडक्यात पाहू, कारण हा प्रकार सुरू तिथे झाला. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कमोडोर कंपनीने व्हीआयसी-२० हा स्वस्त घरगुती कॉम्प्युटर विकायला विल्यम शॅटनर या नटाला टीव्हीवर उभं केलं. ॲपलची रिडली स्कॉटने दिग्दर्शित केलेली प्रसिद्ध जाहिरात २२ जानेवारी १९८४ ला फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात लागली. जाहिरातशास्त्राच्या पुस्तकांत या जाहिरातींच्या कल्पकतेचं कौतुक भरपूर आहे. त्यामागची व्यवस्था तेवढी सांगितली जात नाही. कमोडोरची यंत्रं खेळणी आणि घरसामान विकणाऱ्या साखळी दुकानांत मिळत होती. ब्रिटनमध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स-८१ डब्ल्यू. एच. स्मिथच्या दुकानांतून, म्हणजे लोक जिथून वर्तमानपत्र आणि वह्या घेत तिथूनच, विकला गेला. १९८२ मध्ये बीबीसीने टीव्हीवर कॉम्प्युटर शिकवणारी मालिका सुरू केली, तेव्हा बीबीसीच्या नावाचं यंत्रही बाजारात आलेलं होतं. दुकान गल्लीत होतं, म्हणून जाहिरात चालली.

भारतात आलेला हा माल फारसा मागे नव्हता. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमधल्या संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी तेच बीबीसी मायक्रो यंत्र निवडलं. दोन वर्षांत डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर स्पेक्ट्रमची परवान्याने बनवलेली आवृत्ती बाजारात आणली. हे यंत्र घरच्या टीव्हीलाच जोडायचं होतं, वेगळा पडदा लागत नव्हता. म्हणजे ज्या घरात टीव्ही आहे त्या घरात निम्मा कॉम्प्युटर आधीच आहे, असा त्यामागचा हिशेब. मुंबई-पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत तो काही प्रमाणात जुळलाही. पण त्या काळात विदर्भातल्या कित्येक गावांत टीव्ही ग्रामपंचायतीत नाहीतर एखाद-दुसऱ्या घरात, आणि त्याच्यापुढे सगळी आळी बसलेली. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ च्या १ जानेवारीपासून घेतल्या जात होत्या, १९८२ मध्ये रंग आला आणि १९८४ च्या उत्तरार्धात तर काही महिने जवळपास रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहत होतं. प्रक्षेपणाची लाट गावापर्यंत आली. तिच्यावर स्वार होऊन साबण, सायकली, पंप आणि शीतपेयं आली. कॉम्प्युटर मात्र त्या लाटेत जवळजवळ नव्हताच.

तो आला नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. एचसीएलचा ‘बीनस्टॉक’, मुंबईच्या झेनिथचे पीसी, पुढे कॉम्पॅक, एचपी, एसर, लेनोवो ही नावं टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांच्या शेवटच्या पानांवर दिसू लागली. शाहरुख खानने कॉम्पॅकची जाहिरात केली, हृतिक रोशनने एसरची. १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी सुरू झाल्यावर मराठीतूनही या जाहिराती येऊ लागल्या. बहुतेक वेळा हिंदी जाहिरातीवर मराठी आवाज चढवलेला असे आणि तो आवाज पुण्या-मुंबईचा असे. वऱ्हाडी बोलणाऱ्या घराला ती भाषा समजत होती, पण त्या जाहिरातीतलं घर आपलं नाही हेही समजत होतं. बापाच्या हातात ब्रीफकेस, मुलाला वेगळी खोली, आईच्या स्वयंपाकघरात मिक्सर-ओव्हनची रांग. त्या घरात खताचं पोतं कधी दिसलं नाही.

या मोहिमांना पैसा कुठून येत होता, हे पाहिलं की बरंच काही उलगडतं. १९९१ पासून इंटेलने जगभर एक योजना चालवली. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जाहिरातीत इंटेलचं चिन्ह दाखवलं, की जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेल परत देई. १९९४ पासून त्या चिन्हाबरोबर पाच सुरांची ती छोटी धून आली. ती कुणाला पुन्हा ऐकवायची गरज नाही. या योजनेचा आपल्याकडच्या बाजारावर झालेला परिणाम कंपन्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा होता. जाहिरात बघून कारंज्याच्या किंवा मंगरूळपीरच्या ग्राहकाच्या मनात कॉम्पॅक किंवा एचसीएल राहिलं नाही. राहिलं ते आतल्या चिपचं नाव. आणि ती चिप तर कुणीही विकत घेऊन कुठल्याही पेटीत बसवू शकत होता.

इथे या सगळ्या गोष्टीतला माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा माणूस येतो. तो म्हणजे असेंबल करणारा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस आणि आपल्याकडे नागपूर, अमरावती, अकोल्याचे घाऊक विक्रेते यांच्याकडून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट असे सुटे भाग आणायचे, दोन तासांत जोडायचे आणि ‘पेंटियम आहे’ असं सांगून विकायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चांगल्या ब्रँडचा पीसी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाई. असेंबल केलेला त्याहून बराच स्वस्त पडे. पण स्वस्ताई हा त्याचा एकच गुण नव्हता. ब्रँडवाल्या कंपनीचा अधिकृत डीलर अकोल्याला किंवा अमरावतीला, आणि दुरुस्तीसाठी येणारा इंजिनियर त्याच्या सवडीने. असेंबल करणारा पोरगा मात्र तालुक्याच्या गावचा, ओळखीचा, फोन केल्यावर मोटारसायकलवर येणारा. पैसे दोन हप्त्यांत घेणारा. हार्ड डिस्क गेली तर दुकानातली जुनी लावून तात्पुरतं काम चालू ठेवणारा. टीव्हीवर कोट्यवधी रुपये खर्चून कंपन्यांनी इच्छा निर्माण केली आणि ती इच्छा पुरी केली त्याने, तीही स्वतःच्या जाहिरातीवर दुकानाच्या पाटीपलीकडे फारसं न खर्चता. इंटेलला हे लवकर कळलं. म्हणून तिने असेंबल करणाऱ्यांनाच ‘जेन्युइन इंटेल डीलर’ म्हणून ओळखपत्र, प्रशिक्षण आणि पाट्या दिल्या. भारतीय बाजाराची नाडी ओळखणारा निर्णय म्हणून मला तो सगळ्या चित्रपटनट-जाहिरातींपेक्षा मोठा वाटतो.

त्या काळात टीव्हीची एक अडचण वर्तमानपत्राने भरून काढली. टीव्हीवरच्या तीस सेकंदांत कारंज्याच्या दुकानाचं नाव येऊ शकत नव्हतं. ‘लोकमत’च्या जिल्हा पुरवणीत किंवा अकोल्याहून निघणाऱ्या ‘देशोन्नती’त कंपनीच्या जाहिरातीखाली विक्रेत्यांच्या चौकटी येत. त्यात गाव, पत्ता, दूरध्वनी. स्थानिक केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीवर खालून सरकणारी पट्टीही तेच काम करी: गणपतीत कॅबिनेटवर सूट, प्रिंटर मोफत, संपर्क साधा. ज्याला कॉम्प्युटर घ्यायचाच आहे त्याला त्या पट्टीने वाट दाखवली. केबलचं डिजिटलीकरण २०१२ मध्ये मुंबईपासून सुरू होऊन ग्रामीण भागात २०१७ पर्यंत पूर्ण होत गेलं. गावोगावी आधीच छपरावर डिश बसल्या होत्या. या दोन्हींत स्थानिक केबल वाहिनीचं ते छोटं पण नेमकं माध्यम बरंचसं विरून गेलं. याची हळहळ जाहिरात व्यवसायात कुणी केल्याचं दिसत नाही.

आता हंगामाची गोष्ट. ती विपणनाच्या योजनांत जवळजवळ दुर्लक्षित राहिली आहे. कॉम्प्युटरच्या टीव्ही मोहिमांचे दोन ठरलेले काळ: मे-जून, म्हणजे शाळा-कॉलेज सुरू होण्याआधी, आणि दसरा-दिवाळी. वाशिम जिल्हा सोयाबीन, तूर आणि कपाशीचा. मे-जूनमध्ये कास्तकाराचा प्रत्येक रुपया बियाण्यात आणि खतात गुंतलेला असतो. पीक कर्ज मंजूर झालं का, पाऊस कधी, दुबार पेरणी होईल का, याच्या काळजीत घर असतं. अशा वेळी मुलगा टीव्हीवरची ‘शिक्षणासाठी खास’ ऑफर दाखवतो आणि बाप गप्प बसतो. दिवाळीचा काळ त्यापेक्षा जुळणारा, कारण सोयाबीन निघून बाजार समितीत गेलेलं असतं. पण तो पैसा आधी कृषी केंद्राची उधारी फेडतो, मग लग्नकार्य आणि घराचं राहिलेलं काम. कपाशी वेचून, तूर निघून हातात चार पैसे खेळू लागतात ते जानेवारी-फेब्रुवारीत. त्या दोन महिन्यांत मोठ्या कंपन्यांच्या मोहिमा शांत असत. रामनवमीला याच मानोरा तालुक्यात पोहरादेवीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते, दूरदूरहून लोक येतात. ट्रॅक्टरवाल्यांना आणि बियाणे कंपन्यांना अशा गर्दीचं मोल नेहमीच कळलं. कॉम्प्युटरवाल्यांच्या योजनांत यात्रा आणि आठवडी बाजार यांना जागा नव्हती.

वीज हा दुसरा न बोललेला भाग. २००५ नंतर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कित्येक वर्षं दहा-बारा तासांचं भारनियमन होतं. जाहिरातीतला कॉम्प्युटर कधी बंद पडत नाही. इथे यूपीएसशिवाय तो घेण्यात अर्थ नव्हता. यूपीएसची बॅटरी पंधरा-वीस मिनिटं टिके, आणि सहा तास गेलेली वीज आल्यावर ती पूर्ण भरायच्या आत पुन्हा जाई. म्हणजे किमतीत आणखी काही हजार वाढले, आणि तरीही कॉम्प्युटर रात्री अकरानंतर चालवायची वस्तू झाली. हे कंपन्यांना माहीत नव्हतं असं नाही. २००६ मध्ये इंटेलने भारतात धूळ आणि उन्हाळा सोसणारा, गाडीच्या बॅटरीवरही चालू शकणारा ‘कम्युनिटी पीसी’ आणला. पण तो गावातल्या सेवा केंद्रांसाठी होता, घरांसाठी नव्हता. २००५ च्या ऑगस्टमध्ये एचसीएलने ९,९९० रुपयांत लिनक्सवर चालणारा पीसी जाहीर केला. त्याच सुमारास कोलकात्याच्या झेनिटिसने तेवढ्याच किमतीचा ‘आमार पीसी’ बंगालमध्ये उतरवला. दहा हजारांच्या आतला कॉम्प्युटर ही बातमी देशभर गाजली. पण वीज, दुरुस्ती आणि जोडणी या तीन गोष्टी त्या किमतीत येत नव्हत्या. ग्रामीण घराने हिशेब मांडला तो पूर्ण खर्चाचा.

या सगळ्याच्या मुळाशी मला जे दिसतं ते मोजणीत आहे. टीव्हीवर जाहिरात घेणारी कंपनी प्रेक्षकांच्या आकड्यांवर पैसे मोजते. टॅम ही संस्था जे आकडे देत होती ते शहरांचे होते. गावांतल्या घरांत तिचे मीटर नव्हते. बार्क संस्थेने २०१५ मध्ये काम हाती घेतलं आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पहिल्यांदा ग्रामीण प्रेक्षकांचे आकडे नियमित प्रसिद्ध होऊ लागले. तेव्हापासून वाहिन्यांचे क्रम उलथेपालथे झाले. फुकट दिसणाऱ्या वाहिन्या वर आल्या, आणि डीडी फ्री डिशची ताकद जाहिरातदारांच्या डोळ्यांत भरली. आता मागे वळून बघा. घरगुती पीसीच्या मोठ्या मोहिमा १९९५ ते २०१२ या काळातल्या. म्हणजे त्या संपूर्ण काळात इंझोरीतल्या माणसाने जाहिरात पाहिली, पण ती पाहणाऱ्यांत तो मोजला गेला नाही. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी भाषा बदलत नाहीत, हंगाम बदलत नाहीत, डीलर नेमत नाहीत. जाहिरात संस्थांच्या सौंदर्यदृष्टीला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. दोष त्या आकड्यांचा होता, आणि ते स्वस्तात मिळतात म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्यावर समाधान मानणाऱ्या सर्वांचा.

मग ग्रामीण महाराष्ट्रात कॉम्प्युटर पोचवला कुणी? याचं उत्तर टीव्हीच्या पडद्यावर मिळत नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रं तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या गावांतही उघडली. हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीच्या अटींशी जोडला गेला, कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढीशी जोडला गेला. एका फटक्यात गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, लिपिक आणि त्यांच्या मागोमाग दहावी-बारावीची पोरं वर्गात येऊन बसली. आतापर्यंत एक कोटीहून अधिक लोकांनी हा अभ्यासक्रम केला आहे. केंद्रचालकाची जाहिरात म्हणजे शाळेच्या फाटकाशी वाटलेली पत्रकं, एसटी स्थानकाच्या भिंतीवर रंगवलेली अक्षरं आणि निकाल लागल्यावर चौकात लावलेला फलक. त्यावर उत्तीर्ण झालेल्या ओळखीच्या मुलामुलींचे फोटो. शाहरुखच्या फोटोपेक्षा शेजारच्या घरच्या मुलीचा फोटो खरेदीला जास्त प्रवृत्त करतो, हे या केंद्रचालकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

घरात पहिला कॉम्प्युटर घेणारे ग्राहक याच वर्गांतून निघाले, आणि ते बहुतेक शिक्षक होते. पगार नियमित, सरकारकडून संगणक अग्रिम मिळण्याची सोय, नाहीतर शिक्षक पतसंस्थेचं कर्ज. त्या घरातला कॉम्प्युटर लवकरच अर्ध्या आळीचा झाला: निकाल बघायचा, अर्ज भरायचा, फोटो छापायचा. दुसरा मोठा ग्राहक म्हणजे झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सीडॅकच्या जिस्ट तंत्रावर उभी राहिलेली सॉफ्टवेअर्स यांच्यामुळे लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, बारशाची निमंत्रणं तालुक्यातच मराठीत टाइप होऊ लागली. यंत्र मराठी लिहितं हे हजारो लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते अशा दुकानात, आपल्याच घरच्या पत्रिकेचं प्रूफ तपासताना. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आणि ऑपरेटर आला. पुढे तीच जागा ‘आपले सरकार’ केंद्रांनी घेतली. गावाची कॉम्प्युटरशी ओळख झाली ती अशी, सार्वजनिक टेबलावर.

घरातल्या टेबलावर तो फारसा आलाच नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ३३.४ टक्के घरांत टीव्ही होता. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप ५.१ टक्के घरांत, आणि इंटरनेटसह कॉम्प्युटर तर फक्त ०.७ टक्के घरांत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण घरांतल्या कॉम्प्युटरचं प्रमाण ४.४ टक्के निघालं, शहरांत २३.४. दोन्ही मोजण्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून प्रमाण घटलं असं म्हणता येणार नाही. पण मधल्या सहा-सात वर्षांत ते वाढलं असंही हे आकडे म्हणू देत नाहीत. त्याच काळात, २०१६ च्या सप्टेंबरपासून, जिओने मोबाइलवरचं इंटरनेट इतकं स्वस्त केलं की घरी कॉम्प्युटर घेण्याची जी मुख्य कारणं जाहिराती वीस वर्षं सांगत आल्या होत्या, त्यातली बरीचशी खिशातल्या फोनवर भागू लागली.

२०२० च्या टाळेबंदीने हा प्रश्न पुन्हा उघडा केला. शाळा बंद, अभ्यास ऑनलाइन, घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर शेतात. तेव्हा एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका तयार केली आणि ती २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. ज्या महामंडळाने महाराष्ट्राला कॉम्प्युटर शिकवला, त्याच्याच परिवारातल्या संस्थेला मुलांपर्यंत पोचायला टीव्हीचा आधार घ्यावा लागला, कारण गावातल्या घरात पडदा तोच होता. माझ्या मते घरगुती कॉम्प्युटरच्या पंचवीस वर्षांच्या प्रचाराचं याहून स्पष्ट मूल्यमापन दुसरं नाही.

आजच्या मोहिमांची रचना वेगळी आहे. बंगळुरूच्या अमागीने उपग्रह वाहिन्यांवर प्रदेशानुसार वेगळी जाहिरात दाखवण्याचं तंत्र आणलं. पण त्या विभागणीतही विदर्भातलं गाव मोठ्या पट्ट्यात मोडतं. यूट्यूबवर मात्र जाहिरातदार ठरावीक भाग निवडू शकतो आणि लॅपटॉप पिनकोडच्या हिशेबाने घरपोच येतो. शिक्षणाच्या टॅबलेटचा धंदा तिसऱ्याच वाटेने गेला. टीव्हीवर शाहरुख खान, आणि दारात हप्त्याचा कागद घेऊन आलेला विक्रेता. त्या धंद्यातल्या बायजूस कंपनीच्या विक्रीच्या पद्धतीवरून राष्ट्रीय बालहक्क आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना बोलावणं धाडलं होतं. माल आता गावात पोचतो. ग्राहकाला वाऱ्यावर न सोडणारी सोबत अजून पोचलेली नाही. पार्सलने आलेला लॅपटॉप बिघडला, तर तो पुन्हा खोक्यात घालून शहरात पाठवायचा, आणि तोवर पोरीची परीक्षा थांबत नाही.

वाशिम हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. शाळांत लॅपटॉप वाटले जातील, महाविद्यालयांचे प्रवेश ऑनलाइनच राहतील, आणि त्यांच्या मागोमाग कंपन्यांच्या जाहिराती पुन्हा येतील. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. पुढच्या मोहिमेत जाहिरातीची काही सेकंदं कमी करा आणि तो पैसा मानोऱ्यात, कारंज्यात, मंगरूळपीरला आज मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरांना लॅपटॉप दुरुस्तीचं अधिकृत प्रशिक्षण, सुटे भाग आणि वॉरंटीचं काम देण्यात घाला. मोहीम मे महिन्याऐवजी तूर विकल्यावर, जानेवारीत काढा. आणि जाहिरातीच्या खाली त्या दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर द्या.